कामगार तेच, कारखाना तोच. मग बदललं काय? चांगला बॉस नेमका कसा असतो?

सोमवारची सकाळ. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट शहरातला जनरल मोटर्सचा कारखाना. शिफ्टची वेळ झालीये, पण असेंब्ली लाइन सुरू करता येत नाही, कारण पुरेशी माणसंच आलेली नाहीत. अशा वेळी समोरच्या बारमध्ये जाऊन तिथे बसलेल्या कामगारांना उचलून आणलं जायचं, असं तिथे काम केलेले जुने लोक सांगतात.

ही १९८० च्या आसपासची गोष्ट. गैरहजेरी २० टक्क्यांच्या वर. म्हणजे पाचातला एक माणूस घरीच. जे यायचे, त्यातले काही कामाच्या वेळेत दारू प्यायचे. काही जण तर गाडीच्या दरवाजाच्या आत रिकामी बाटली टाकून दरवाजा बंद करायचे, म्हणजे गाडी घेणाऱ्याला कायम खडखडाट ऐकू येणार आणि तो कुठून येतो हे काही सापडणार नाही. युनियन आणि व्यवस्थापन यांच्यात हजारो तक्रारी पडून होत्या. अमेरिकेच्या वाहन उद्योगातले सगळ्यात वाईट कामगार, अशी त्यांची ख्याती. शेवटी १९८२ मध्ये जनरल मोटर्सने हा कारखाना बंद केला.

दोनच वर्षांनी तो पुन्हा सुरू झाला. तीच जागा, तीच युनियन आणि बहुतांश माणसंही तीच. फक्त कारखाना चालवण्याची पद्धत टोयोटाची होती. आणि थोड्याच काळात याच 'वाया गेलेल्या' कामगारांच्या हातून अमेरिकेतल्या सगळ्यात चांगल्या गाड्यांपैकी काही बाहेर पडू लागल्या.

ऑफिसमध्ये बॉसवरून वाद होतो तेव्हा एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अहो, माणसंच तशी असतील तर साहेब तरी काय करणार?" फ्रीमाँटचा कारखाना हे या वाक्याला मिळालेलं जगातलं बहुधा सगळ्यात मोठं उत्तर आहे. म्हणून चांगला बॉस म्हणजे काय हे समजून घ्यायचं, तर सुरुवात इथून केलेली बरी.

दोरी ओढायची मुभा

जनरल मोटर्सला छोट्या गाड्या बनवून नफा कसा कमवायचा हे शिकायचं होतं. टोयोटाला अमेरिकन कामगारांसोबत आपली पद्धत चालते का, हे तपासायचं होतं. दोघांनी १९८३ मध्ये करार करून न्यू युनायटेड मोटर मॅन्युफॅक्चरिंग ही कंपनी काढली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे तिला 'नम्मी' म्हणायचे. जुन्या कामगारांना परत घ्या, असा युनियनचा आग्रह होता. तो मान्य झाला. सुरुवातीच्या कामगारांपैकी सुमारे ८५ टक्के लोक जुन्या कारखान्यातले होते. त्यातल्या शेकडो जणांना तुकड्या करून जपानमधल्या ताकाओका कारखान्यात शिकायला पाठवलं गेलं. डिसेंबर १९८४ मध्ये नम्मीतून पहिली गाडी बाहेर पडली.

नम्मीत लाइनच्या बाजूने एक दोरी लावलेली होती. काम करताना काही चुकलं, एखादा भाग नीट बसला नाही किंवा काम वेळेत पुरं होत नाहीये असं वाटलं, की कुठल्याही कामगाराने ती दोरी ओढायची. दोरी ओढली की एक धून वाजायची, दिवा लागायचा आणि टीम लीडर धावत यायचा. ठरलेल्या वेळेत अडचण सुटली नाही, तर आख्खी लाइन थांबायची.

याचं महत्त्व कळायला जुन्या कारखान्यात काय चालायचं ते बघावं लागतं. तिथला एकच अलिखित नियम होता: काहीही होवो, लाइन थांबता कामा नये. इंजिन उलटं बसवलं गेलं तरी गाडी पुढे. ब्रेक बसवायचे राहिले तरी गाडी पुढे. मग त्या गाड्या मागच्या मैदानात उभ्या करायच्या आणि नंतर खोलून दुरुस्त करायच्या. चूक समोर दिसत असूनही कामगाराने ती दाखवायची सोय नव्हती, कारण लाइन थांबवली तर नोकरी जायची भीती. असं रोज आठ तास, वर्षानुवर्षं केलेल्या माणसाचा कामावर जीव कसा राहणार? दरवाजात बाटली टाकणारा माणूस असाच तयार होतो.

नम्मीत दोरी ओढल्यावर टीम लीडर धावत यायचा आणि काय अडचण आहे असं विचारून हातभार लावायचा. "कोणी थांबवली रे लाइन?" असं तो ओरडत नव्हता. जुन्या कामगारांना यावर विश्वास बसायला वेळ लागला.

बाकीही काही गोष्टी बदलल्या. साहेब लोकांचं वेगळं कँटीन गेलं. गेटजवळची त्यांची राखीव पार्किंगही गेली. आणि एक मोठी परीक्षा आली ती १९८८ च्या सुमारास. नम्मीत बनणाऱ्या गाडीला मागणी घटली, कारखान्याची बरीच क्षमता रिकामी पडली. अमेरिकन वाहन उद्योगात अशा वेळी सरळ कामगार कपात व्हायची. नम्मीने कुणालाही काढलं नाही. मोकळ्या झालेल्या लोकांना प्रशिक्षणात आणि कामाच्या पद्धती सुधारण्यात गुंतवलं. 'तुम्ही आमचे आहात' हे भाषण सगळ्याच कंपन्या करतात, इथे ते पैसे मोजून दाखवलं गेलं.

परिणाम? गैरहजेरी २० टक्क्यांवरून सुमारे २ टक्क्यांवर आली. एमआयटीच्या संशोधकांनी वेगवेगळ्या कारखान्यांची तुलना केली. त्यात जनरल मोटर्सच्या मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम कारखान्यात एक गाडी जोडायला ३१ तास लागत होते आणि दर १०० गाड्यांमागे १३५ दोष निघत होते. जपानमधल्या ताकाओकात १६ तास आणि ४५ दोष. आणि नम्मीत? १९ तास आणि ४५ दोष. म्हणजे गुणवत्तेत नम्मीने थेट जपानला गाठलं होतं. हे यंत्रमानवांमुळे झालं असंही म्हणता येत नाही. उलट त्याच काळात जनरल मोटर्स आपल्या इतर कारखान्यांत यंत्रमानवांवर अब्जावधी डॉलर ओतत होती.

जास्त चुका करणारी टीम चांगली?

फ्रीमाँटच्या दोरीसारखीच एक गोष्ट १९९० च्या दशकात अगदी वेगळ्या ठिकाणी, हॉस्पिटलमध्ये सापडली. आणि तीही चुकून.

एमी एडमंडसन तेव्हा हार्वर्डमध्ये पीएचडी करत होत्या. हॉस्पिटलमध्ये पेशंटला औषध देताना होणाऱ्या चुकांचा एक मोठा अभ्यास सुरू होता आणि त्यात त्यांच्याकडे एक साधा प्रश्न होता: ज्या वॉर्डातली टीम चांगली, तिथे चुका कमी होतात का? उत्तर कुणीही देईल, होणारच. पण आकडे आले ते उलटे. ज्या टीम एकजुटीने काम करत होत्या, ज्यांच्या प्रमुख नर्सबद्दल लोक चांगलं बोलत होते, त्यांच्याच नावावर जास्त चुका नोंदल्या गेल्या होत्या.

चांगल्या टीम जास्त चुका करतात? एडमंडसन यांना हे पटेना. मग त्यांच्या डोक्यात आलं, की या टीम जास्त चुका करत नसतील, जास्त चुका *सांगत* असतील. पुढे हा अंदाज तपासला तेव्हा तसंच दिसलं. काही वॉर्डांत नर्स मोकळेपणाने म्हणायच्या, आज माझ्याकडून असं झालं. काही वॉर्डांत चूक कबूल करणं म्हणजे सगळ्यांसमोर बोलणी खाणं, त्यामुळे तिथे चुका कागदावर येतच नव्हत्या. कागदावर तो वॉर्ड उत्तम. पेशंटसाठी तोच सगळ्यात धोक्याचा.

यावरचा त्यांचा पहिला शोधनिबंध १९९६ मध्ये आला. १९९९ च्या पुढच्या निबंधाने 'मानसिक सुरक्षितता' ही कल्पना गाजली. शब्द जड आहे, अर्थ अगदी सोपा. टीममध्ये प्रश्न विचारला, चूक कबूल केली, मदत मागितली किंवा साहेबांचं म्हणणं खोडून काढलं, तर आपला अपमान होणार नाही, आपल्याला शिक्षा होणार नाही, अशी टीममधल्या लोकांची खात्री.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. मानसिक सुरक्षितता म्हणजे सगळ्यांनी गोड बोलायचं, कुणाला काही म्हणायचं नाही, असं नाही. एडमंडसन यांनीच हे वारंवार स्पष्ट केलंय. जिथे कामाच्या दर्जाचा आग्रह नाही आणि फक्त मोकळेपणा आहे, तिथे लोक आरामात असतात, काम मात्र रखडतं. आणि जिथे आग्रह प्रचंड पण बोलायची सोय नाही, तिथे लोक धास्तावलेले असतात. चांगला बॉस दोन्ही एकदम सांभाळतो. अवघड आहे ते हेच.

श्रीहरिकोट्याची पत्रकार परिषद

याचं भारतातलं उदाहरण द्यायचं तर सतीश धवन आणि एपीजे अब्दुल कलाम यांची गोष्ट सांगावीच लागते. अनेकांनी ती ऐकली असेल, स्वतः कलाम ती भाषणांत आवर्जून सांगायचे.

१० ऑगस्ट १९७९. एसएलव्ही-३ या भारताच्या पहिल्या उपग्रह प्रक्षेपकाचं उड्डाण. कलाम प्रकल्प संचालक होते. उड्डाणाच्या काही मिनिटं आधी संगणकाने इशारा देऊन उलटी गिनती थांबवली. तज्ज्ञांशी बोलून कलाम यांनी संगणकाचा इशारा बाजूला ठेवला आणि उड्डाण करायचं ठरवलं. रॉकेट उपग्रहासकट बंगालच्या उपसागरात कोसळलं.

बाहेर पत्रकार थांबलेले. निर्णय कलाम यांचा होता, पण पत्रकारांसमोर गेले ते इस्रोचे अध्यक्ष धवन. अपयशाची जबाबदारी त्यांनी संस्थेचा प्रमुख म्हणून स्वतःवर घेतली आणि माझ्या टीमवर माझा विश्वास आहे, वर्षभरात आम्ही करून दाखवू, असं सांगितलं. १८ जुलै १९८० ला रोहिणी उपग्रह कक्षेत पोचला. त्या दिवशी धवन यांनी कलाम यांना बोलावलं आणि पत्रकार परिषद तुम्हीच घ्या म्हणाले.

ही गोष्ट बहुतेक वेळा मोठेपणाची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण तिची दुसरी बाजू जास्त कामाची आहे. ऑगस्ट १९७९ मध्ये धवन यांनी कलाम यांना पुढे ढकललं असतं, तर त्या टीममधल्या प्रत्येक इंजिनिअरने एक धडा घेतला असता: इथे चूक दिसली तरी गप्प बसा. आणि मग पुढच्या अकरा महिन्यांत नेमकं काय बिघडलं होतं हे शोधणार कोण? रॉकेटच्या बाबतीत गप्प बसलेला इंजिनिअर फार महागात पडतो.

गुगलने मॅनेजर हटवले तेव्हा

आता थोडं आजच्या जगाकडे येऊ. मॅनेजर हवेतच कशाला, असा प्रश्न गुगललाही पडला होता. २००२ मध्ये त्यांनी इंजिनिअरिंग विभागात मॅनेजरचा थरच काढून टाकायचा प्रयोग केला. तो काही महिनेच टिकला. खर्चाच्या पावत्या मंजूर करण्यापासून ते दोन सहकाऱ्यांच्या भांडणापर्यंत सगळं घेऊन लोक थेट लॅरी पेज यांच्या दारात जाऊ लागले.

मॅनेजर परत आले, पण शंका गेली नाही. म्हणून २००९ च्या सुमारास कंपनीने 'प्रोजेक्ट ऑक्सिजन' सुरू केला. अप्रायझलचे शेरे, कर्मचाऱ्यांचे सर्व्हे, नोकरी सोडताना घेतलेल्या मुलाखती, असा ढीगभर डेटा चाळून चांगल्या मॅनेजरच्या आठ सवयी काढल्या. पहिल्या क्रमांकावर होतं, शिकवण्याची वृत्ती. दुसऱ्यावर, माणसाला मोकळीक देणं आणि बारीकसारीक गोष्टींत नाक न खुपसणं. त्यानंतर माणूस म्हणून चौकशी करणं वगैरे. आणि मॅनेजरचं स्वतःचं तांत्रिक ज्ञान? ते आठव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर. कोडिंगवर जगणाऱ्या कंपनीसाठी हा धक्काच होता.

२०१२ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, 'प्रोजेक्ट ॲरिस्टॉटल'मध्ये, गुगलने आपल्या १८० टीम तपासल्या. काही टीम भारी आणि काही सुमार का असतात? हुशार माणसं एकत्र केली म्हणून? मैत्री असते म्हणून? टीममध्ये कोण आहे याने फारसा फरक पडत नव्हता. लोक एकमेकांशी कसं वागतात याने पडत होता. आणि सगळ्यात वर आली ती एडमंडसन यांची मानसिक सुरक्षितताच. नर्सचा वॉर्ड आणि गुगलचं ऑफिस एकाच ठिकाणी येऊन पोचले.

मग बॉसला काम नाही आलं तरी चालतं का? इथे जरा थांबायला हवं. बेंजामिन आर्ट्झ, अमांडा गुडॉल आणि अँड्र्यू ऑस्वाल्ड या तीन संशोधकांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या सुमारे ३५,००० कर्मचाऱ्यांची माहिती तपासली तेव्हा वेगळंच दिसलं. ज्यांचा बॉस गरज पडल्यास त्यांचं काम स्वतः करू शकतो, ते लोक नोकरीत जास्त समाधानी होते. कामाच्या समाधानावर परिणाम करणाऱ्या गोष्टींत बॉसची ही जाण फार वरच्या क्रमांकावर होती.

वरवर पाहता हे गुगलच्या उलट आहे. पण गुगलमध्ये सगळ्याच मॅनेजरना तांत्रिक काम येतंच, त्यामुळे तिथे त्या गुणाने चांगला आणि वाईट यात फरक पडत नसावा. जिथे बॉसला कामातलं काहीच कळत नाही, तिथे तो गुण एकदम डोळ्यांत भरतो. ज्याने स्वतः कधी कोड लिहिला नाही, बातमी लिहिली नाही किंवा काउंटरवर ग्राहक हाताळले नाहीत, त्याला अडचण सांगून तरी काय उपयोग? त्याला ती कळतच नाही. तो फक्त विचारतो, "कधी होईल?"

वाईट बॉस येतात कुठून?

अमेरिकेत गॅलप या संस्थेने ७,२७२ प्रौढांना विचारलं तेव्हा जवळपास निम्म्या लोकांनी सांगितलं, की आयुष्यात कधी ना कधी मॅनेजरपासून सुटका करून घेण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली आहे. एकाच कंपनीतल्या दोन टीमच्या कामातल्या उत्साहात जो फरक असतो, त्यातला किमान ७० टक्के भाग मॅनेजरमुळे असतो, असंही याच संस्थेचं म्हणणं आहे. गॅलप स्वतः कंपन्यांना सल्ला विकते, हे लक्षात ठेवून हा आकडा वाचावा. तरी ज्यांनी दोन बॉसखाली काम केलंय, त्यांना तो फार खोटा वाटणार नाही.

इतके वाईट बॉस तयार कसे होतात? याचं एक उत्तर लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल यांनी १९६९ मध्ये पुस्तकात अर्धवट थट्टेने दिलं होतं. माणूस ज्या कामात चांगला आहे, त्यासाठी त्याला बढती मिळते. पुन्हा चांगलं केलं, पुन्हा बढती. असं करत करत तो अशा खुर्चीत पोचतो, जिथलं काम त्याला जमत नाही. मग तो तिथेच राहतो.

पन्नास वर्षांनी, २०१९ मध्ये, तीन अर्थतज्ज्ञांनी याची खरंच परीक्षा घेतली. अमेरिकेतल्या शंभराहून जास्त कंपन्या आणि विक्री विभागातले हजारो कर्मचारी. जो सगळ्यात जास्त विक्री करतो, त्यालाच मॅनेजर करण्याकडे कल होता. आणि आधीची विक्री जितकी जास्त, तितकी तो मॅनेजर झाल्यावर हाताखालच्या लोकांची कामगिरी घसरलेली होती. याउलट, ज्यांनी सेल्समन असताना इतरांसोबत मिळून सौदे केले होते, ते मॅनेजर म्हणून चांगले निघाले. पण बढती देताना ते कुणी बघत नव्हतं.

आपल्याकडे यात आणखी एक अडचण आहे. चांगल्या इंजिनिअरला किंवा सेल्समनला पगार आणि मान वाढवून घ्यायचा, तर 'मॅनेजर' होण्यावाचून बहुतेक ठिकाणी रस्ताच नसतो. तिशीत पोचूनही हाताखाली माणसं नसली, तर नातेवाईकही विचारतात, "अजून प्रमोशन नाही झालं?" त्यामुळे ज्याला माणसं सांभाळायची हौस नाही, तोही त्या खुर्चीत जाऊन बसतो. एक दिलासा आहे: गुगलने आपल्या सगळ्यात वाईट मॅनेजरना शिकवणी दिली, तेव्हा त्यातल्या ७५ टक्के जणांमध्ये लक्षात येण्याजोगी सुधारणा झाली. म्हणजे बॉस घडवताही येतो, कंपनीने मनावर घेतलं तर.

हे हृदयापर्यंत जातं

बॉसचा त्रास म्हणजे मूड खराब होणं एवढंच नाही. ब्रिटनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर मायकेल मार्मट यांनी केलेला 'व्हाइटहॉल' अभ्यास प्रसिद्ध आहे. जबाबदारीचं टेन्शन असल्यामुळे वरिष्ठांनाच हार्ट अटॅक जास्त येत असणार, अशी समजूत होती. निघालं उलट. पदाच्या उतरंडीत माणूस जितका खाली, तितका त्याला हृदयविकाराचा धोका जास्त. १९८५ मध्ये दहा हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांवर याचा पुढचा टप्पा सुरू झाला. त्यातून दिसलेल्या कारणांपैकी एक मोठं कारण होतं, आपल्या कामावर आपलं नियंत्रण नसणं. काय करायचं, कधी करायचं, कसं करायचं, हे सगळं दुसऱ्याने ठरवणं. स्वीडनमध्ये ३,१२२ पुरुष कर्मचाऱ्यांचा सुमारे दहा वर्षं मागोवा घेतला, तेव्हा ज्यांनी आपल्या बॉसला चांगले गुण दिले होते, त्यांच्यात हृदयविकार कमी आढळला.

पुण्यात जुलै २०२४ मध्ये एका बड्या कंपनीत काम करणाऱ्या २६ वर्षांच्या सीए तरुणीचा मृत्यू झाला. नोकरीला लागून चारच महिने झाले होते. सप्टेंबरमध्ये तिच्या आईने कंपनीच्या अध्यक्षांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतःहून दखल घेतली. कामाच्या ताणामुळे मृत्यू झाला, हे कंपनीने मान्य केलं नाही. पण त्या पत्रातली एक गोष्ट या विषयाच्या गाभ्याची आहे. आईने लिहिलं होतं, की नवीन असल्यामुळे आपल्या मुलीकडे नाही म्हणण्याचा अनुभवही नव्हता आणि तेवढा अधिकारही नव्हता. त्यानंतर चर्चा झाली ती बहुतांशी तासांची. ७० तास की ९० तास, हे वाद टीव्हीवर रंगले. मोजायला सोपं असतं म्हणूनही असेल. रात्री नऊ वाजता आलेल्या कामाला "सर, आज नाही होणार" असं चार महिने जुना कर्मचारी म्हणू शकतो का, हे कुठल्या हजेरीपटात दिसत नाही.

आपल्या ऑफिसांमध्ये वरिष्ठांना उलट बोलणं म्हणजे उद्धटपणा, हे शाळेपासून शिकवलेलं असतं. त्यामुळे इथला चांगला बॉस फक्त "माझं दार उघडं आहे" म्हणून मोकळा होऊ शकत नाही. त्या दारातून आपणहून कुणी येत नाही. त्यालाच उठून टेबलापाशी जावं लागतं आणि "काही अडचण?" असं विचारून चालत नाही, कारण त्याचं उत्तर "नाही सर, सगळं ओके" हे ठरलेलं आहे. "या प्लॅनमध्ये सगळ्यात आधी काय फसेल?" असं विचारलं, तर अडचण सांगणं हेच काम होतं, उद्धटपणा राहत नाही.

नुसती दोरी लावून भागत नाही

नम्मीचं यश बघून जनरल मोटर्सने तीच पद्धत लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइस कारखान्यात आणायचा प्रयत्न केला. तिथेही दोरी लावली. पण ती ओढली की सुपरवायझर चिडायचे. त्यांची चूक म्हणावी, तर त्यांना बोनस मिळायचा तो किती गाड्या बाहेर पडल्या यावर. लाइन थांबली की त्यांच्या खिशाला चाट. बऱ्याच कामगारांचा आणि मॅनेजरचाही या सगळ्यावर विश्वास नव्हता. व्हॅन नाइसचा कारखाना १९९२ मध्ये बंद पडला.

हे आजच्या ऑफिसांनाही लागू आहे. बीन बॅग, टेबल टेनिस, शुक्रवारची पार्टी, 'आपण सगळे एक फॅमिली' असं लिहिलेली भिंत, या सगळ्या दोऱ्याच. मधल्या मॅनेजरचं अप्रायझल फक्त टार्गेटवर होणार असेल, तर तो बिचाराही वरून आलेला दाब तसाच खाली सोडतो. आणि पगार वेळेवर होत नसेल, तर कितीही प्रेमळ बॉस असला तरी त्याचा उपयोग मर्यादित आहे, हेही खरं.

नवीन नोकरी धरताना ऑफिस कसं आहे हे इंटरव्ह्यूच्या अर्ध्या तासात पूर्ण कळत नाही, पण अंदाज येतो. कंपनीची मूल्यं काय, असं विचारलं तर वेबसाइटवरचंच ऐकायला मिळतं. त्यापेक्षा, गेल्या वेळी डेडलाइन चुकली किंवा क्लायंट नाराज झाला तेव्हा नेमकं काय झालं होतं, हे विचारून बघता येतं. उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आणि त्याची चूक आली, तर एक अर्थ. कुठे गडबड झाली आणि पुढे काय बदललं हे आलं, तर दुसरा. "आमच्याकडे असं कधी होतच नाही" असं उत्तर आलं, तर औषधाची एकही चूक न नोंदवणारा तो वॉर्ड आठवावा. या जागेवर आधी कोण होतं आणि ती व्यक्ती आता कुठे आहे, हेही विचारावं. कंपनीतच पुढच्या पदावर असेल तर चांगलं. सहा महिन्यांत तिघं बदललेले असतील, तर त्यातल्या एखाद्याला लिंक्डइनवर शोधून फोन करायला हरकत नाही. गेलेली माणसं फोनवर बरंच सांगतात.

फ्रीमाँटचा नम्मी कारखाना २५ वर्षं चालला. २००९ मध्ये दिवाळखोरीत गेलेली जनरल मोटर्स त्यातून बाहेर पडली आणि १ एप्रिल २०१० ला शेवटची गाडी निघाली. त्यानंतर ती जागा टेस्लाने विकत घेतली. आज तिथे इलॉन मस्क यांच्या इलेक्ट्रिक गाड्या बनतात.